पार्सिपनीचा रोझेनबोर्गवाला

पार्सिपनीत आमच्या ओळखीत फुटबॉल कळणारी माणसं दोनच. एक माझा नवरा सुभाष आणि दुसरा त्याचा टीम लीड राजीव बेहेरे. बाकीची मराठी मंडळी क्रिकेटची. फुटबॉलला ती वर्ल्ड कपपुरती जागी व्हायची आणि फायनल झाली की पुन्हा झोपायची. सुभाष मात्र युरोपातल्या क्लबांच्या मागे वेडा होता, आणि त्यातही ग्रूपच्या शेवटच्या मॅचचा. कोण जिंकलं याच्यापेक्षा कोण जिंकलं तर कोण पुढे जाईल आणि कोण हरलं तर कोणाचं नशीब उघडेल, यात त्याचा जीव रमायचा. मी त्याला म्हणायचे, तुझं अख्खं आयुष्य जर-तरमध्ये चाललंय. तो हसायचा. मलाही तेव्हा तो नुसता टोमणाच वाटायचा.

सत्त्याण्णव साली चॅम्पियन्स लीगचा नियम बदलला. सहा ग्रूप झाले. मला कळावं म्हणून सुभाषने ओट्यावरचा मसाल्याचा डबा पुढे ओढला. "हे बघ, कडेच्या सहा वाट्या म्हणजे सहा ग्रूप. प्रत्येक ग्रूपचा पहिला सरळ मधल्या वाटीत. आणि सगळे दुसरे एका ओळीत उभे करायचे, त्यातल्या जास्त पॉइंटवाल्या दोघांनाच आत घ्यायचं."

"म्हणजे दुसरा आला तरी चालतं?"

"चालतं, पण मग आपलं पुढे जाणं दुसऱ्याच्या मॅचवर अवलंबून. आपण कितीही चांगलं खेळलो तरी."

त्याचा जीव ज्या संघावर होता तो नॉर्वेचा, रोझेनबोर्ग. नाव ऐकलंय का कुणी? मीही ऐकलं नव्हतं. बर्फातला क्लब, पैसा बेताचा. आदल्या वर्षी ग्रूपची शेवटची मॅच त्यांना मिलानला जाऊन खेळायची होती. मिलानला नुसती बरोबरी पुरली असती. हे तिथे गेले आणि जिंकून आले. त्या दिवशी घरी आला तेव्हा सुभाष जितका खूश होता, तितका लग्नातसुद्धा नव्हता. "त्यांच्याच घरात जाऊन!" एवढंच दहा वेळा म्हणाला.

तो एवढा खूश का झाला ते मला ठाऊक होतं. नागपुरात इंदोऱ्याच्या मैदानावर तो लहानपणापासून खेळला, कामठीच्या स्पर्धांत त्याने नाव काढलं. इंजिनिअरिंगला आला तेव्हा कॉलेजच्या संघात त्याच्याइतका चांगला डाव्या पायाचा खेळाडू नव्हता. तरी सरांनी त्याला राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसवला. एकदा कॅन्टीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "अॅडमिशनही राखीव, मैदानातही राखीव!" अख्खी कॅन्टीन खदाखदा हसली. मी तिथेच आर्किटेक्चरला होते, शेजारच्या टेबलावर बसले होते. सुभाषने चहा संपवला, कप काउंटरवर नेऊन ठेवला आणि मैदानावर गेला. मी त्याच्याशी लग्न केलं त्याची सुरुवात त्या कपापासून झाली. एकाच कॉलेजातले म्हणून मी आजही त्याला अरे-तुरे करते.

आमचं आडनाव देशभ्रतार. नागपुरात हे सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही, सगळं कळतं. पुण्याच्या राजीवच्या कानांना ते नवीन होतं. 'देश'ने सुरू होतंय म्हणजे देशस्थ असणार, असा त्याने मनातल्या मनात निकाल लावला आणि आम्हाला आपलं म्हटलं. गणपतीला बोलावणं, सत्यनारायणाला बोलावणं, दिवाळीला फराळाचा डबा. एकदा त्याची बायको शुभा मला म्हणाली, "तुमच्यात देवीचं बोडण भरतात का हो?" मी म्हटलं, "नाही, आमच्यात नाही भरत." ती म्हणाली, "हो ना, ते आमच्या कोकणस्थांतच." मी काय खोटं बोलले?

आम्ही लपवलं काहीच नव्हतं. आमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या समोर बाबासाहेबांचा फोटो होता, खाली बुद्धाची मूर्ती. पण ते दोघं आमच्याकडे कधी आलेच नाहीत. घर त्यांचं मोठं, म्हणून बोलावणं नेहमी त्यांचंच. मी सुभाषला म्हणायचे, एकदा सांगून टाक. तो चिडायचा. "विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर काय गळ्यात पाटी अडकवून फिरू?" आमच्या आजोबा-पणजोबांच्या गळ्यात काय काय अडकवलं होतं ते आम्हाला घरातच शिकवलेलं आहे.

आता त्या डिसेंबरचं सांगते. सुभाषच्या व्हिसाची सहा वर्षं संपत आली होती. कंपनीने त्या हिवाळ्यात ग्रीन कार्डाची फाइल लावली नाही तर गाशा गुंडाळून परत जायचं, दुसरा रस्ता नव्हता. आमची भावना हायस्कूलला होती, तिला मराठी समजायचं, उत्तर मात्र इंग्लिशमधून यायचं. मला नोकरीची परवानगी नव्हती. मी पाच वर्षं घरात बसून दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे बघत होते. कंपनी त्या वर्षी सुभाषच्या टीममधून दोघांच्याच फाइली लावणार होती. पहिला राकेश, त्याच्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. दुसऱ्या जागेसाठी सुभाष किंवा मुंबईचा सुशांत. सुशांत दोन वर्षांपूर्वी आलेला, चांगला पोरगा, पण त्याला घाई नव्हती. नावं सुचवायची होती राजीवने. नोव्हेंबरात त्याने सुभाषच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "तुझं डन समज, यार."

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मी सांबारवडी केली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, यावरून शुभाने पहिल्यांदा मला खूप हसून घेतलं होतं. तिला वाटलं इडलीचं सांबार पिठात भरतात. पण खाल्ल्यावर हसणं थांबलं. तेव्हापासून तिची फर्माईश असायची. तिचा दिवाळीचा निळ्या झाकणाचा डबा माझ्याकडेच पडून होता, पण त्यात वड्या मावेनात, म्हणून मी माझा स्टीलचा डबा भरला. तळाशी पेपर नॅपकिनची घडी, त्यावर दोन थर, वर पुन्हा नॅपकिन. सुभाषने तो ऑफिसात राजीवच्या हातात दिला. उद्या घरी पाहुणे आहेत, तेव्हाच उघडू, असं राजीव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सहा डिसेंबर. आम्ही पांढरे कपडे घालून एडिसनला लतिकाताईंच्या घरी निघालो होतो. तिथे दरवर्षी आपली माणसं जमतात, मेणबत्त्या लावतात, वंदना होते, मग सगळे मिळून जेवतात. दारात असतानाच फोन वाजला. राजीवचा. दुपारी त्याच्याकडे जेवायला व्हाइस प्रेसिडेंट येणार होता. "तू ये. ओळख करून देतो, तुझ्या फाइलचं तिथेच बोलून टाकू."

सुभाष म्हणाला, "आज नाही जमणार, राजीव. सहा डिसेंबर आहे."

"सहा डिसेंबरला काय?"

"बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. आम्ही वंदनेला चाललोय."

राजीव म्हणाला, "अच्छा. अच्छा, अच्छा. ओके. कॅरी ऑन." फोन ठेवला. सुभाष मला म्हणाला, "विचारलं, सांगितलं." मला त्याचा अभिमान वाटला आणि फाइलची काळजीही. राजीवकडे जेवायला सुशांत गेला, हे सोमवारी कळलं.

बुधवारी शेवटच्या मॅचेस होत्या. ऑफिसच्या मागे एका इटालियन म्हाताऱ्याचं पिझ्झाचं दुकान होतं, त्याच्या छतावर डिश होती आणि इटलीचं चॅनल लागायचं. अशा बुधवारी सुभाष आणि राजीव सकाळी लवकर कामाला यायचे आणि दुपारी तिथे जाऊन बसायचे, नेहमी खिडकीजवळच्या टेबलाला. त्या दिवशी राजीव आला तो सुशांतला घेऊन, आणि दोघं काउंटरजवळ बसले. सुभाष खिडकीजवळ एकटा. हे त्यानेच मला संध्याकाळी सांगितलं, मॅचचं सांगावं तसं, कोण कुठे उभा होता त्यासकट.

त्या दिवसाचं जर-तर असं: रोझेनबोर्गचे दहा पॉइंट, मॅच ग्रीसमध्ये, ऑलिंपियाकोसशी. जिंकले तर तेरा, आणि आत. दुकानाचा मालक युव्हेंटसचा. त्यांचे नऊ. त्यांनी मँचेस्टरला हरवलं तर बारा, पण ते बारा कामाला यायला रोझेनबोर्गने जिंकता कामा नये. ग्रीसवाले कधीच बाहेर गेलेले, त्यांना या मॅचमधून काहीच मिळणार नव्हतं.

टीव्हीवर युव्हेंटसची मॅच चालली होती. सुशांतला नियम माहीत नव्हता. त्याने विचारलं, "दुसरे येऊन पण आत कसे काय जातात?"

राजीव हसत म्हणाला, "अरे, दोन जागा राखीव ठेवल्यात त्यांच्यासाठी. आपल्याकडच्यासारखं." म्हणाला आणि मग त्याला खिडकीजवळच्या टेबलाची आठवण झाली असावी. तो टीव्हीकडेच बघत राहिला.

सुभाष जागेवरूनच म्हणाला, "राखीव नाहीत. बारा पॉइंट कमवावे लागतात." इतक्या वर्षांनी त्याने कॅन्टीनला उत्तर दिलं, तेही न्यू जर्सीत.

युव्हेंटस शेवटी-शेवटी एक गोल करून जिंकलं. मग सगळे ग्रीसच्या बातमीची वाट बघत बसले. दोन-दोन. बरोबरी. रोझेनबोर्ग अकरावर अडकलं आणि घरी गेलं. म्हाताऱ्याने सगळ्यांना फुकट पिझ्झा वाटला, सुभाषलाही दिला. निघताना राजीव टेबलापाशी आला, पिशवीतून आमचा स्टीलचा डबा काढला आणि म्हणाला, "शुभाने दिलाय." आणि लगेच गेला.

सुभाष घरी आला तेव्हा भावना दारातच उभी. तिला बाबामुळे सगळं पाठ. "डिड दे गेट थ्रू?"

"नाही बेटा. दोन-दोन."

"बट द ग्रीक्स वर ऑलरेडी आउट! व्हाय डिड दे इव्हन ट्राय?"

"मैदानात उतरलेत तर खेळणारच ना. ते प्रामाणिकपणे खेळले. त्यात काही चूक नाही." असा हा माणूस. मला याचा राग येतो, अजून येतो.

मी डबा हातात घेतला. जड लागला. मला एकदम हायसं वाटलं. आपल्यात कोणी डबा रिकामा परत करत नाही. माझ्या आईने शिकवलं, तिच्या आईने तिलाही शिकवलं असेल. म्हटलं, शुभाने काहीतरी घातलंय. लाडू असतील. म्हणजे काही बदललं नाही. म्हणजे फाइलचंही होईल. माझंही जर-तर सुरू झालं. मी सुभाषला म्हटलंसुद्धा, "बघ, उगाच घाबरलो आपण."

झाकण उघडलं. वर माझाच पेपर नॅपकिन, मीच घातलेली घडी. खाली माझ्याच वड्या, दोन थर, एकही हललेली नाही. हात लावलेला नव्हता. हात लावलेला नव्हता, असं मी दोनदा मोठ्याने म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणताना आपण काय बोलतोय ते मला कळलं. भावना म्हणाली, "व्हॉट हॅपन्ड, आई?" तिला काय सांगू? कोणत्या भाषेत सांगू?

सुभाषने डबा माझ्या हातातून घेतला, टेबलाशी बसला आणि एक वडी खाल्ली. शिळी, थंड. मग दुसरी. "चांगली झाली होती गं," म्हणाला. मी रडायला लागले तरी तो खातच होता.

शुक्रवारी राजीवने त्याला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजमेंटने सुशांतचं नाव घेतलं म्हणे. टीम फिट वगैरे. "पुढच्या वर्षी तू पहिला. तोवर बेस्ट रनर-अप समज, यार." पुढच्या वर्षी आमचे दिवसच उरणार नव्हते, हे राजीवला माहीत होतं. त्याचं स्वतःचं ग्रीन कार्ड केव्हाच खिशात होतं. सुशांत आत गेल्याने त्याला काही मिळणार नव्हतं आणि सुभाष आत गेल्याने त्याचं काही जाणार नव्हतं. ग्रीसवाले निदान खेळले तरी.

आता आम्ही सामान बांधतोय. भावना तिच्या खोलीचं दार लावून बसलीय. मसाल्याचा डबा कालच पॅक झाला. फडताळ रिकामं करताना शुभाचा निळ्या झाकणाचा डबा सापडला. मी तो धुतला, पुसला आणि ऑफिसच्या शेवटच्या दिवशी नेऊन द्यायला सुभाषकडे दिला. त्याने झाकण उघडून पाहिलं.

"अंजना, रिकामा कसा देऊ? चिमूटभर साखर तरी घाल."

साखरेचा डबा माझ्या हाताशीच होता. मी घातली नाही.