पडद्यावर टाकलेलं कापड

टेहळ्या,

हे पत्र तू शेवटपर्यंत वाचशील. आपल्याविषयी कोणी काय लिहिलंय हे कळल्याशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे मला तू साडेचार वर्षांचा होतास तेव्हापासून ठाऊक आहे. पाकीट फोडण्याआधी ते खिडकीशी उजेडात धरूनही पाहिलं असशील. समोर बसून काही सांगायला लागले की तू मध्येच विचारतोस, "ताई, तुला हे कोणी सांगितलं?" मग गोष्ट राहते बाजूला आणि कोणी सांगितलं याचीच चौकशी सुरू होते. म्हणून ते आधीच सांगून टाकते. काही तुझ्या बायकोनं सांगितलं, काही तुमच्या शिपायानं आणि उरलेलं तू स्वतःच, एका दुपारी माझ्याकडे येऊन. आता तुझी गोष्ट दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी सांगते. निदान तशी तरी ऐकून घेशील.

तर एक आरेखक होता. शहराच्या पाणीखात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढत होता. कोणत्या रस्त्याखालून किती इंची नळ गेलाय, तो कुठे वळलाय, कोणत्या लोखंडी झाकणाखाली कोणता व्हॉल्व्ह आहे, हे कागदावर त्याच्या हातचं आणि कागद नसला तर त्याच्या डोक्यात. कुठे नळ फुटला की खोदणारे आधी त्याला विचारत, मग कुदळ उचलत. कामाला वाघ. पण स्वभावानं असा, की ताकच काय, साधं पाणीही फुंकून प्यायचा. लहानपणी गच्चीच्या कठड्यावर बसून कोण कोणाच्या घरी जातं ते पाहत बसे, म्हणून घरात त्याला टेहळ्या म्हणत. म्हातारपण जवळ आलं तरी ते नाव त्याला सैल झालं नव्हतं.

पायही मोडला तो पाळतीपायीच. रोज सकाळी जिन्यात कोणीतरी आपल्या दाराशी क्षणभर थांबतं, असं त्याला वाटे. एके दिवशी तो स्टुलावर चढला आणि दारावरच्या झरोक्याला डोळा लावून उभा राहिला. दूधवाला होता. जड पिशवीचा हात बदलायला थांबत होता, बस. हे कळायला आणि स्टूल सरकायला एकच गाठ पडली.

तीन महिने प्लास्टर. निवृत्तीला अकरा महिने उरलेले. साहेबांनी त्याला दोन वर्षांच्या मुदतवाढीचं गाजर दाखवलं होतं. "कामात खंड पडला नाही तर बघू," असं त्यांचं वाक्य होतं. खंड पडला तर त्याच्या खुर्चीवर शेजारच्या टेबलावरची बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

ही शेजारच्या टेबलावरची म्हणजे धाकटी आरेखक. नऊ वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून त्यानंच शिकवलं. तिनं पट्टीशिवाय ओढलेली सरळ रेघ पाहून तो म्हणाला, "ही मुलगी नाही, रेघ आहे." तेव्हापासून सगळं खातं तिला रेघ म्हणू लागलं. त्याला ती काका म्हणे. तो तिला जीवही लावी आणि तिच्यावर नजरही ठेवी. दोन्ही एकाच वेळी करण्यात त्याचा हातखंडा होता.

खात्यातून एक संगणकवाला घरी आला आणि त्यानं घरचा संगणक कार्यालयातल्या संगणकाशी जोडून दिला. म्हणाला, "काका, इथे तुम्ही बाण हलवलात की तिकडचा हलेल. इथे रेघ ओढलीत की तिकडे उमटेल. फक्त तिकडचा संगणक चालू पाहिजे."

"तो चालूच असतो," आरेखक म्हणाला.

"मग झालं तर," असं म्हणून तो माणूस चहा न घेता गेला. चहा का घेतला नाही, यावर आरेखक संध्याकाळपर्यंत विचार करत होता.

दुसऱ्या दिवशी साडेनवाला त्यानं पाटावर पाय ठेवला, बटण दाबलं, परवलीचा शब्द लिहिला आणि समोर त्याचाच कार्यालयातला पडदा उगवला. त्याचे नकाशे, त्याच्या फायली, डाव्या कोपऱ्यात पत्त्यांचा तो खेळ. त्याला आनंद झाला. तो साधारण दहा मिनिटं टिकला. मग मनात आलं, इथून तिकडे जाता येतं, तर तिकडून इथे कोणी येत नसेल कशावरून? त्यानं पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या ठिपक्याला चिकटपट्टी लावली. बायकोला म्हणाला, "यापुढे या खोलीत हळू बोलायचं."

"अहो, त्यात नकाशे आहेत. नकाशांना कान असतात का?" बायको म्हणाली.

"तुला कळत नाही."

"तेवढं एक बरं आहे माझं," म्हणून ती आत गेली.

चौथ्या दिवशी ते घडलं. दुपारी जेवून तो परत बसला, तर पडदा काळा. तो काही करायच्या आत पडदा आपणहून उजळला आणि बाणानं डावीउजवीकडे तीन-चार हिसके दिले. मग तो थांबला, कोणी हात लावून पटकन मागे घ्यावा तसा. आरेखकानं स्वतःचे दोन्ही हात वर धरून पाहिले. त्याचे हात हवेत होते.

त्या दिवसापासून वही सुरू झाली. तारीख, वेळ, हिसके किती, सुरुवात कोणत्या बाजूनं. असं पंधरा दिवस. बहीण भेटायला गेली तेव्हा त्यानं वही दाखवली आणि दार लावून घेतलं.

"कोण असेल?" बहिणीनं विचारलं.

"दुसरं कोण? माझ्या नकाशात बारीक चुका घालून ठेवायच्या. मग साहेब म्हणणार, म्हाताऱ्याचा हात चळला. कानामागून आली आणि तिखट झाली."

"चूक सापडली का एखादी?"

"अजून नाही. हुशार आहे ती. मीच शिकवलंय."

"मग तिलाच सरळ विचार की."

"चोराला विचारतात का, चोरी केलीस का म्हणून?"

पण त्यानं फोन केला. विचारायला नव्हे, जोखायला.

"काय गं, माझ्या टेबलापाशी कोण असतं?"

"कोणी नाही काका. मीच असते शेजारी."

"शेजारी म्हणजे किती शेजारी?"

"नऊ वर्षं होते तितकीच."

"माझ्या माउसला हात कोण लावतं?"

रेघ क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "लागत असेल माझाच, पुसताना. तुम्ही काम करा काका. पाय कसा आहे?"

पाय कसा आहे हे त्यानं सांगितलं नाही. ती गप्प झाली ते मात्र वहीत लिहिलं: 'प्रश्नानंतर चार सेकंद.'

आणि त्याच आठवड्यात शिपाई सहीचे कागद घेऊन घरी आला. पाण्याचा पेला हातात घेऊन सहज बोलून गेला, "काका, रेघबाईंनी तुमच्या पडद्यावर कापड टाकलंय. कोणाला उचलू देत नाहीत. परवा मी हात लावला तर पट्टी मारली हातावर."

"कापड?"

"हो, म्हणजे त्याचं असं झालं—"

"बस. कळलं मला." आरेखकानं सह्या केल्या आणि कागद त्याच्याकडे सरकवले. शिपायाच्या ओठांवर पुढचं वाक्य होतं. पण त्या वाक्यात तो स्वतःही थोडा अडकलेला होता, म्हणून त्यानं ते पाण्याबरोबर गिळलं.

कापड. झाकायचं ते काय, आणि कोणापासून? आरेखकानं त्याच दुपारी साहेबांना अर्ज लिहिला. माझ्या गैरहजेरीत माझ्या संगणकाशी छेडछाड होते, पुरावा म्हणून वहीची प्रत सोबत. साहेबांना नळ आणि व्हॉल्व्ह ठेवायच्या गोदामावर माणूस हवाच होता. त्यांनी चौकशीचा त्रास वाचवला आणि रेघेची तिकडे बदली केली. शहराच्या टोकाला, पत्र्याच्या छपराखाली. तिथे नकाशा नाही, पट्टी नाही, आत काय आलं आणि बाहेर काय गेलं एवढंच लिहायचं. तिनं तक्रार केली नाही. खण रिकामा केला आणि गेली.

आरेखक त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

दुसऱ्या सकाळी साडेनऊ. बटण, परवलीचा शब्द. पडद्यावर ओळ आली: 'पलीकडचा संगणक सापडत नाही.' दहाला तेच, साडेदहाला तेच. पुढचे दोन दिवस तेच. तो बायकोला म्हणाला, "बघ. जाताजाता वायर तोडून गेली." तिसऱ्या दिवशी त्यानं शिपायाला फोन लावला.

"माझ्या संगणकाचं काय केलंय तिनं?"

"काही नाही काका. बंद आहे तो."

"बंद कोणी केला?"

"पहारेकऱ्यानं. रोज संध्याकाळी मजल्याचं मुख्य बटण खाली ओढतो ना तो. सकाळी आल्यावर ज्यानं त्यानं आपापला चालू करायचा."

"कोणाच्या हुकमानं हे?"

"तुमच्याच की, काका."

आरेखकाला आठवायला वेळ लागला नाही. सहा वर्षांपूर्वी आपण गेल्यावर कोणीतरी आपला संगणक वापरतं, असा त्याला संशय आला होता. तसं लिहिलं तर हसतील म्हणून आगीच्या धोक्याचं कारण देऊन त्यानं अर्ज केला होता, रोज संध्याकाळी मुख्य बटण बंद व्हावं. तो मंजूर होऊन त्याच्या सहीसकट बटणाच्या वर चिकटवलेला होता. तो स्वतः सगळ्यांच्या आधी येऊन आपला संगणक चालू करी. इतक्या वर्षांची सवय. हाताला आठवत होती, डोक्याला नाही.

"मग इतके दिवस चालू कोण करत होतं?"

"साडेनवाच्या आत येणारं आपल्या मजल्यावर दुसरं कोण होतं, काका," शिपाई म्हणाला. "रेघबाई एक बस आधीची धरायच्या. दुपारी तुम्ही जेवायला गेलात की तो झोपायचा, तर जाऊन माउस हलवून उठवायच्या. म्हणायच्या, काकांना वाट बघायला लागायला नको, खंड पडला तर मुदतवाढ जाईल."

आरेखकानं समोरची वही मिटली.

"आणि ते कापड," शिपायानं आता गिळलेलं वाक्य बाहेर काढलं, "आमच्यामुळे टाकलं हो. तुम्ही घरी जे करायचात ते सगळं इथे पडद्यावर दिसायचं. एकदा तुम्ही तो पत्त्यांचा खेळ लावला होतात. बदामची राणी समोर होती आणि तुम्हांला दिसत नव्हती. आम्ही पाचजण मागे उभे राहून हसत होतो. नंतर तुमचा डोळा लागला, तर बाण एकाच जागी पाऊण तास. कोणीतरी म्हणालं, साहेबांना बोलवा. तेव्हा रेघबाई उठल्या आणि कापड टाकलं."

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसा हा घरी दार लावून बसला होता. सगळ्या जगावर पाळत ठेवणारा हा, आणि मजलाभर लोक याच्या पाठीमागे उभे राहून याच्याकडेच बघताहेत. त्या सगळ्यांत त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली ती एकटी, आणि वहीत नाव तिचंच.

त्यानं साहेबांना फोन केला. "तिला परत आणा. कामाला लागते."

साहेब म्हणाले, "आणतो. तक्रार चुकीची होती असं लिहून द्या."

"गैरसमज झाला होता असं लिहितो."

"कोणाचा, तेही लिहा."

तो कागद घेऊन बसला. बायको सांगते, दोन दिवस कागद समोर होता आणि त्यावर तारखेपलीकडे काही नव्हतं. शेवटी म्हणाला, "असं लिहून दिलं तर मुदतवाढीच्या वेळी माझ्याच विरुद्ध वापरतील." अक्कल गहाण पडली तरी संशय शाबूत.

मुदतवाढ तशीही मिळाली नाही. शिपाई आठवण झाली की संगणक चालू करी, कधी साडेअकराला, कधी दुपारी. खंड पडायचा तो पडलाच. प्लास्टर निघाल्यावर तो काठी टेकत जाऊ लागला आणि ठरल्या तारखेला निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी खण आवरताना तळाशी ते कापड सापडलं. नकाशे गिरवायचं जुनं मेणकापड, पडद्याच्या मापानं कापलेलं, कडा शिवलेल्या, चार कोपऱ्यांना बांधायला फिती. खाली उजवीकडे बोटभर जागा कापून मोकळी ठेवलेली, दिवा पेटलाय की नाही ते दिसावं म्हणून. त्याच्या खुर्चीवर रेघ बसली नाही, कोणीच बसलं नाही. साहेबांना भेटायला येणारे आता त्या खुर्चीवर छत्र्या ठेवतात.

ही झाली गोष्ट. आता पुन्हा तुझ्याशी.

निवृत्तीनंतर आठ दिवसांनी तू माझ्याकडे आलास आणि तुझी ती जुनी कंपासपेटी टेबलावर ठेवलीस. आतल्या मखमलीचा रंग उडालेला, पण रेघा ओढायचं पेन तू घासूनपुसून लख्ख केलं होतंस. मी निवृत्त झालो की ही तुझी, असं तू रेघेला तिच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतंस म्हणे. मला म्हणालास, "ताई, एवढी तिला गोदामात नेऊन दे. काही बोलू नकोस. अशीच पाठवलीय म्हण."

मी म्हटलं, अशीच नेणार नाही. सोबत चिठ्ठी दे. दोन ओळींची दे, पण तुझ्या हातची आणि तुझ्या सहीची. तू म्हणालास, उद्या आणून देतो.

त्याला सात महिने झाले. तू दर रविवारी येतोस, चहा घेतोस, समोरच्या इमारतीत नवीन कोण राहायला आलंय ते विचारतोस. पेटी अजून कपाटावरच आहे. तू आलास की आधी तिकडे बघतोस, मी ती उघडली का ते पाहायला. मी उघडलेली नाही. गोदामाकडे जाणारी बस माझ्या दारावरून जाते, दर वीस मिनिटांनी.

तुझी,
ताई