पोरांनी घेतलेली माझी शिकवणी

शाळेत वीस वर्षं काढली की किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर बसतात. झटकले तरी थोडे राहतातच! कमलनगरजवळच्या, सीमेपलीकडच्या आमच्या मराठी शाळेतले माझ्याकडे राहिलेले किस्से बहुतेक माझ्याच फजितीचे.

*

शाळेच्या कपाटात एक जुना उर्दू कागद सापडला. मी ऐटीत सातवीतल्या निलोफरला बोलावलं. "वाच गं जरा."

"सर, मी मराठी मीडियमची. मला उर्दू कुठं येतंय? बालाजीच्या आज्ज्याला इचारा की!"

धोतर-टोपीतले नव्वदीचे आजोबा आले. निजामाच्या काळात त्यांची शाळा उर्दूत झालेली. कागद घडाघडा वाचला आणि वर मलाच म्हणाले, "तुमाला येत न्हाई व्हय? मग मास्तर कामून झालाव?"

*

"घरी भाकरी कोण करतं?" मी वर्गाला विचारलं.

"आईऽऽ!"

अश्विनी एकटी म्हणाली, "आमच्यात अप्पा. आई औरादच्या गाडीवर कंडक्टर हाय."

पोरं हसली. मीही हसत विचारलं, "अप्पांना जमतात का?"

"तुमाला जमतात का, सर?"

आता पोरं माझ्याकडे बघून हसली! त्या रविवारी मी पीठ मळायला बसलो. बायको म्हणाली, "त्या अश्विनीला माझा नमस्कार सांगा."

*

लक्ष्मी नवीन आलेली. चार महिने वर्गात तोंड उघडलं नाही. मी वहीत शेरा मारून मोकळा झालो, 'मंद'.

आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या शरणम्मा अक्कांनी तो वाचला. "मंद? सर, मधल्या सुट्टीत माझं डोकं खाती ही! तेलुगूत."

मला वाईट वाटलं. शेरा खोडला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीला म्हटलं, "मला तेलुगूत दहापर्यंत शिकव." मी पाचावरच अडकलो. घाम फुटला.

तेव्हा ती पहिल्यांदा मराठीत बोलली. "सर, भिऊ नका. येतंय हळूहळू."

*

आणि ही संगीता! दंग्यात शाळेत पहिली. एकदा मधल्या सुट्टीत सहावीच्या खिडकीची काच फुटली. मी वर्गात शिरलो तोच ओरडत, "संगीता, ऊठ!"

ती उठली. डोळे भरले.

मागून हेडबाई आल्या. म्हणाल्या, "सर, आधी सगळ्यांचं ऐका तर."

मी सगळ्यांना कागद वाटले. "आपल्या डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहा."

कुणी लिहिलं, वानरानं उडी मारली. कुणी लिहिलं, वानर दोन होते. एकानं तर वानराच्या शेपटीचं वर्णन केलं होतं. संगीताचं नाव एकाही कागदावर नव्हतं.

शेवटी तिचा कागद. 'मी पाणी प्यायला गेलते. काईच बघितले न्हाई. सर, तुमीबी लिवा.'

मी खुर्चीत बसलो, एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'मी काहीच बघितलं नाही.' उठून तिच्या हातात दिला.

तिनं एकेक अक्षर वाचलं आणि खुदकन हसली.

"सर, तुमचं-माझं सारखंच निघालं की!"