होम ग्राउंडचा नारळ

आमच्या फुटबॉल क्लबचं होम ग्राउंड म्हणजे एक खड्डा होता. चेष्टा करत नाहीये. टेक्सासात, शुगर लँड गावाच्या बाहेर, नव्या वसाहतींच्या मधोमध, पुराचं पाणी घरांत शिरू नये म्हणून खणून ठेवलेला भलामोठा खड्डा. जोरात पाऊस झाला की त्याचं तळं व्हायचं. पाणी ओसरलं की तळाचं गवत आमचं. गोलपोस्ट तेवढे कायमचे रोवलेले, बाकी जाळ्या बांधायच्या आपणच आणि रेघा मारायच्याही आपणच. डास तर असे की बाप्पा!

मी २००५ मध्ये या क्लबात शिरलो. नागपुरात शाळेपासून राइट बॅक खेळलेलो. इथे एका तेल कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचो आणि रविवारची वाट बघायचो. ऑफिसात मला कोणी ओळखत नव्हतं म्हटलं तरी चालेल. त्या खड्ड्यात मात्र उतरलो की चार जण लांबून हाका मारायचे. ते सोडणं मला परवडणारं नव्हतं.

क्लब सुरू कसा झाला हे विचारलं की डोक्याचा पार भुगा व्हायचा. आमचा कॅप्टन, होंडुरासचा, पन्नाशीचा गोलकीपर, घरांची छपरं बसवण्याचा धंदा करायचा. तो म्हणे, माझ्या कामगारांनी सुरू केला. नायजेरियन स्ट्रायकर म्हणे, छे, आमच्या चर्चच्या सहलीत सुरू झाला. डिफेन्समधला टेक्सासचा गोरा म्हणे, एका बारमध्ये पैज लागली होती. खरं कोणाचं धरायचं? एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं, ते म्हणजे नारळ.

सीझनच्या पहिल्या होम मॅचआधी डाव्या गोलपोस्टच्या बुडाशी नारळ फोडायचा. आधी टीममध्ये एक भारतीय होता, तो फोडायचा. तो बदली होऊन मिनेसोटाला गेला आणि त्याच वर्षी टीम सपाटून हरली. "आता तू आलास," कॅप्टन खूश होऊन म्हणाला. "रविवारी नारळ तुझ्याकडे."

मी गार पडलो. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. घरात नारळ यायचा तो चटणीला आणि आमटीला. बाबा कारखान्यात होते. खंडेनवमीला मशीनला हार घालून नारळ फुटायचा तेव्हा ते बाहेर सायकल स्टँडवर जाऊन उभे राहायचे. साहेबांनी बोलावलं तरी आत यायचे नाहीत. त्यांचा मी मुलगा, आणि मी टेक्सासात येऊन नारळ फोडू?

"हे आमच्या धर्मात नाही," मी कॅप्टनला सांगितलं.

"माझ्याही नाही," तो म्हणाला. "मी कॅथलिक आहे. मग?"

टीममध्ये ज्याच्या धर्मात नारळ फोडतात असा एकही माणूस नव्हता. मग हा नारळ होता तरी कोणाचा?

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात एवढं काय यार! सरळ नाही म्हण आणि नारळ घरी घेऊन ये. चटणी करते." तिचं बरोबर होतं. पण नाही म्हटल्यावर त्यांची तोंडं कशी होतील तेच मला सारखं दिसत होतं. बाबांचंही तोंड दिसत होतं. दोन्हीकडून माझंच मरण.

शेवटी चिडून कॅप्टनकडून त्या आधीच्या भारतीयाचा नंबर घेतला. म्हटलं, ज्यानं हे लचांड लावून दिलं त्यालाच विचारू. तो मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात होता. फोन उचलून त्यानं आडनाव सांगितलं. आपल्यातलाच निघाला! वर्ध्याकडचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा.

"अहो दादा," मी जवळजवळ ओरडलोच, "तुम्ही आपल्यातले, मग नारळ काहून फोडत होते?"

तो पोटभर हसला. "अबे, मी पूजेला म्हणून फोडला नव्हता. इंडियन दुकानातून सरळ ग्राउंडवर आलो होतो. मॅचनंतर सगळ्यांना इडली खाऊ घालायची होती, चटणीला खोबरं पाहिजे होतं. फोडायला काही सापडेना, म्हणून पोलावर आपटला. मागे वळून बघतो तर हे सगळे टोप्या काढून उभे! त्यांना वाटलं, पूजा करतोय. त्यात मॅच जिंकलो."

"मग सांगायचं ना त्यांना!"

"सांगणारच होतो. पण आमच्या गावात शाळेची खोली झाली, नारळ फुटला. बोअर मारली, नारळ फुटला. आमची माणसं खोदायला असायची, फोडायला कधीच नाही. प्रसादसुद्धा वरून टाकायचे हातात. आणि इथे पुढच्या वर्षी अख्खी टीम थांबली माझ्यासाठी. रेफरी शिट्टी मारेना. तो मान मला सोडवला नाही रे. तू तुझं बघ."

माझं मी काय बघणार? फोन ठेवला तेव्हा आधीपेक्षा जास्त गोंधळलो होतो. आधी निदान चूक काय आणि बरोबर काय हे ठाऊक होतं.

रविवारी जाळ्या बांधून झाल्या. कॅप्टननं माझ्या हातात नारळ दिला आणि सगळे येऊन उभे राहिले. कॅप्टननं टोपी काढली. नायजेरियन, गोरा, समोरच्या टीमची पोरं, सगळे गप्प. मी फोडला. का फोडला ते आजही विचाराल तर सांगता येत नाही. मॅच बरोबरीत सुटली.

संध्याकाळी नागपूरला फोन लावला. तिकडे सकाळ होती, बाबा चहा पीत होते. त्यांच्यापासून लपवणं मला जमलं नसतं. सगळं सांगितलं, मिनेसोटाच्या दादांसकट.

"नव्हता फोडायला पाहिजे तू," बाबा म्हणाले.

"हो बाबा."

कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

"बरं, आता परत सांग," ते म्हणाले. "कोण कोण उभं होतं?"