अठरा कोसांची कळशी

सुंदरबाईचा शब्द भडगावच्या त्या गल्लीत चालायचा. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की आधी तिला विचारत. "माणसं बरी आहेत," एवढं ती म्हणाली की पुढची चौकशी थांबायची. सातवीपर्यंत शिकलेली, घरी ब्लाउज शिवणारी बाई. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. मिरवायला दुसरं काही नव्हतं.

म्हणूनच १९८९च्या जानेवारीत महिला मंडळाने जळगावच्या मुक्या-बहिऱ्या मुलांच्या वसतिगृहासाठी धान्य जमवायचं ठरवलं, तेव्हा घरोघर जायचं काम तिच्याकडे आलं. कल्पना मंडळाच्या अध्यक्षा प्रमिलाबाईंची. भडगाव ते जळगाव अठरा कोस. चौघी मैत्रिणींनी दोन दिवसांत आळीपाळीने ते चालायचे. डोक्यावर तांब्याची कळशी, तिच्यात वाटेतल्या गावांनी मूठ मूठ धान्य घालायचं. वाटेत कळशी जमिनीला टेकू द्यायची नाही. एकीच्या डोक्यावरून थेट दुसरीच्या डोक्यावर. आणि चाललेल्या कोसामागे गल्लीतलं प्रत्येक घर शेरभर ज्वारी देणार.

"आन् तुम्ही चालल्या का बसल्या, हे आम्ही कसं वळखावं?" गिरणीवाल्या तोतारामभाऊंनी पट्टा चढवता चढवता चेष्टा केली.

"मी सांगते ना," सुंदरबाई म्हणाली. ते पुरेसं होतं.

पहिल्या दिवशी चौघींतली बेबाबाई भडगावहून निघाली. सुंदरबाई सकाळच्या एसटीने कासोद्याला जाऊन थांबली होती. बेबाबाई ठरल्यापेक्षा तासभर आधीच आली, तर सुंदरबाईला तिचं कौतुकच वाटलं. एवढी जाड बाई, पण पायाला काय वेग. कासोदा ते एरंडोल हे चार कोस सुंदरबाईने स्वतः चालून काढले. मान अवघडली तेव्हा कळशी दोन्ही हातांनी धरली, पण उतरवली नाही. पाण्याचे हंडे घेतलेला टेम्पो मागून येत होता. तो प्रमिलाबाईंच्या दिराचा, गिरधरचा. त्याने दोनदा विचारलं, वहिनी, बसता का? तिला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी एरंडोलहून कमलबाई आणि अर्ध्या वाटेवरून प्रमिलाबाई चालणार होत्या. जेवणाची व्यवस्था बघायला सुंदरबाई एसटीने पुढे जळगावला गेली. संध्याकाळी वसतिगृहाच्या अंगणात मांडव, सत्कार. प्रमिलाबाई माईकवर पायाच्या फोडांबद्दल बोलत होत्या. मुलं हात हलवून टाळ्या दाखवत होती.

तेवढ्यात भिकुबाई आली. ही सुंदरबाईची थोरली बहीण, एरंडोल-जळगाव हायवेवरच्या एका खेड्यात दिलेली. पदराखालून तिने पुरचुंडी काढली. आत उडीद होते.

"हाई तुन्या कळशीना धान्य," ती हळूच म्हणाली. "आम्ही बठ्ठ्या बाया आरती लिसन फाटावर उभ्या व्हतूत. कोनीच चालत उनं नही. टेम्पो गया. त्यामा तुन्या मैतरिनी बठेल, आन् कळशी डायवरना जोडे शीटवर ठेयेल."

सत्कार संपल्यावर सुंदरबाईने प्रमिलाबाईंना मांडवाच्या मागे गाठलं. प्रमिलाबाईंनी नाकारलं नाही. कमलबाईने मान खाली घातली, बेबाबाई साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिली. म्हणजे कासोद्याच्या वेशीपर्यंतही टेम्पोच होता.

"अगं, पोरांच्या ताटात भाकरी पडली की झालं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पायांनी आलो का चाकांनी, देवाला काय करायचंय?"

"देवाला नाही, अक्का. पण मी अकरा घरांत माझ्या तोंडाने सांगून आले."

"मग सांग की अठरा. कुणी पट्टी घेऊन मागे आलं होतं का?"

परतीच्या टेम्पोत ती बसली नाही. बहिणीकडे मुक्काम केला. सकाळी भडगावला परतताना तिचं ठरलं होतं: चारच कोस सांगायचे. धान्य कमी पडेल, मुलांचं कमी पडेल, हेही रात्रभर मनात घोळलं होतं. तरी चारच.

दुपारी ती पहिल्याच दारात, तोतारामभाऊंच्या गिरणीवर उभी राहिली. तिला बघताच त्यांनी गिरणी बंद केली, आपल्या हाताने पाट सरकवला.

"बसा, बसा. तब्येत कशी आहे आता? प्रमिलाबाई सकाळीच पोती घेऊन गेल्या. म्हणे कासोद्याच्या पुढे तुम्हाला चक्कर आली, टेम्पोत घालावं लागलं. तुमचे चार कोस त्यांनीच वाटून घेतले. आम्ही अठराचे पुरे दिले, काळजी करू नका."

सुंदरबाई पाटावर बसली. ती चालली होती हे सांगायला तिने तोंड उघडलं आणि तोतारामभाऊंच्या चेहऱ्यावरची दया तिला दिसली. आता काहीही बोललं तरी ते दमलेल्या बाईचं बोलणं ठरणार होतं.

"मी चार कोस चालले, भाऊ," ती तरीही म्हणाली. "बाकी कुणी चाललं नाही."

"हो, हो," तोतारामभाऊ म्हणाले, आणि आतून पाणी मागवलं.

बाकीच्या दहा घरी जाऊन तिने तेच सांगितलं, त्याच शब्दांत. कुणी वाद घातला नाही. सगळ्यांनी पाणी दिलं. पुढे वीस वर्षं त्या चौघी एकाच नळावर हंडे लावत राहिल्या, एकमेकींच्या सुनांच्या डोहाळजेवणालाही गेल्या. पण स्थळ आलं की गल्ली आता कमलबाईला विचारायची.