काळ्या दोऱ्याचं लिंबू

ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, सुभेदार रस्त्यात उकिडवे बसायचे आणि गटारावरच्या फरशीला कान लावायचे. आतून पाण्याचा आवाज आला की मान वर करून अख्ख्या गल्लीला विचारायचे, "वर आभाळ कोरडं, खाली गटार वलं. कोण रडतंय रं?"

पटापट दारं लागायची. रडत कुणीच नसे. पण कुणाची तरी मोरी, नाहीतर संडास, चोरून त्या पावसाळी गटाराला जोडलेला असे, आणि तो कुणाचा हे हुडकणं ही सुभेदारांची नोकरी होती. सांगलीच्या अलीकडे, कृष्णाकाठी आमचं गाव. तिथल्या नगरपालिकेत ते सॅनिटरी इन्स्पेक्टर, मी हेडक्लार्क. सत्तरच्या दशकातला दुष्काळ नुकताच सरला होता. गावाची पावसाळी गटारं पिण्याच्या पाण्याच्या घाटाशेजारीच नदीत उतरत. पावसाळ्यात ते खपून जाई. उन्हाळ्यात मात्र घाटाशी एक डबकं उरे आणि सगळं गाव त्यातूनच घागरी भरे.

या गटारांत पावसाखेरीज दुसरं पाणी सोडायचं नाही, असा ठराव झाला आणि तो अमलात आणायला सुभेदारांना नेमलं. तेही तात्पुरतं. फौजेतून निवृत्त झालेला, औंधाकडच्या कोरड्या मुलखातला माणूस.

असा संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. चहा पुढे केला तर आधी वास घेत. "नमस्कार सुभेदार" म्हटलं तर "का, काय तुंबलं?" एका व्यापाऱ्याकडे सत्यनारायणाला गेले, प्रसाद खाल्ला, बोटं चाटली आणि म्हणाले, "परसाद लय झ्याक. हात धुतल्यालं पानी कुठं सोडता?" यजमानाच्या तोंडचं पाणीच पळालं. दुसऱ्या दिवशी त्याला नोटीस गेली.

गावानं त्या संशयाची परतफेड केली. हॉटेलांच्या मागच्या दारातून ते बाहेर पडताना दिसले की लोक म्हणत, हप्ता घेऊन आला. मलाही थोडं तसंच वाटायचं. शिवाय दर रविवारी ते आमच्या परसातल्या झाडाची लिंबं मागायला येत. एकट्या माणसाला इतकी लिंबं कशाला? शेवटी मी विचारलंच.

"गटारात सोडतो, भाऊसाहेब," ते म्हणाले. "लिंबू घरंगळत जातं, फुटत न्हाई. आन त्याला दोरा बांधला की वाटंत कुणी हात बी लावत न्हाई. खाली घाटावर कंच्या रंगाचा दोरा निघाला, त्यावरनं कळतं पानी कुठलं."

दोऱ्याची रिळं माझ्या बायकोच्या डब्यातली. मंडईला लाल, हॉटेलवाल्यांना पिवळा. काळ्या रिळाकडे बोट दाखवून मी हसत विचारलं, "आणि हा कुणाचा?"

"अजून कुणाचा न्हाई," ते म्हणाले. हसले नाहीत.

इथे माझ्या घराबद्दल सांगायला हवं. मी नुकताच फ्लशचा संडास बांधला होता. मैल्याची टाकी बांधायची की पाइप गल्लीतल्या गटाराला जोडून टाकू, असं गवंड्यानं विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "जोडून टाक."

त्या रविवारी सुभेदार हात धुवायला परसात गेले. ते गेल्यावर मी पाहिलं, तर संडासाच्या पाइपवरल्या चेंबरचं झाकण बोटभर सरकलेलं होतं.

दोन दिवसांनी सकाळी घाटावर किंकाळी उठली. काळा दोरा बांधलेलं लिंबू एका बाईच्या घागरीला येऊन थटलं होतं. "अगं बया, करणी!" एका गवळ्याचं वासरू आदल्याच दिवशी मेलं होतं. तो ओरडला, "ह्योच त्यो! गटारात लिंबं सोडताना म्या बघितलाय ह्याला!" लोकांनी सुभेदारांना दंडाला धरून, ते लिंबू काठीच्या टोकावर घेऊन, थेट कचेरीत आणलं. मागून कुणीतरी ओरडत होतं, "आवं सुभेदार, आमच्याबी सासूसाठी एक बांधा की!"

नगराध्यक्ष बाहेर आले. लिंबाचा खुलासा ऐकून म्हणाले, "मग हे कुणाच्या घरातून सोडलंत ते सांगा. खरं निघालं तर तुमची नोकरी राहील. नाहीतर या लोकांना मी काय तोंड दाखवू?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाहेबांस्नी इचारा. त्यांस्नी ठावं हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी दौतीचं झाकण लावलं आणि म्हणालो, "मला यातलं काही माहीत नाही."

सुभेदार म्हणाले, "मग मला बी न्हाई."

त्यांना कमी केल्याचा हुकूम माझ्याच हातून लिहिला गेला. टाकी मी त्याच महिन्यात, ते गेल्यावर, बांधली. कशासाठी, ते बायकोलाही सांगितलं नाही.

परवा देवळाच्या कट्ट्यावर माझ्याच वयाच्या एकानं 'करणीवाल्या इन्स्पेक्टरची' गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले. सवयीनं मीही हसलो. घरी येऊन हे लिहायला बसलो. सुभेदारांनी करणी केली नाही, हप्ता घेतला नाही. ते लिंबू माझ्या चेंबरमधून गेलं होतं.

जायच्या दिवशी, एसटीच्या आधी, ते दारात आले. हातात ट्रंक. आत न येता बायकोला हाक मारली, "वैनी, तुमचं रीळ." काळं रीळ तिच्या हातात ठेवलं. मी पडद्याआड उभा होतो.

मग ते गल्लीतून चालू लागले. भर दुपार होती. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पावलं थांबली. त्यांनी ट्रंक खाली ठेवली, वाकले, फरशीला कान लावला. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. आतलं पाणी त्यांना ऐकू आलं असणार, कारण ते बराच वेळ तसेच राहिले.

मग उठले, गुडघे झटकले, ट्रंक उचलली आणि गेले. कोण रडतंय, ते या खेपेला त्यांनी विचारलं नाही.