घार्गेनगरची कमान

आकाराम खराड्यांनी तासगावजवळच्या माळावर विहीर पाडली, द्राक्षाची पहिली बाग लावली आणि त्या जागेला लोक खराडे मळा म्हणू लागले. आकारामना एकच लेक, तानू. तिच्यासाठी कोरेगावकडून नाथाजी घार्गे नावाचा जावई घरीच आणून ठेवला. नाथाजी देखणे होते, बोलायला गोड होते आणि चार भावांत धाकटे असल्यामुळे गावाकडे त्यांची वाट कुणी बघत नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची रीत. नाथाजींनी तीही सोडली नाही. तानूची शालू केली. मांडव सासऱ्याचा, तांदूळ सासऱ्याचे, अंगठीसुद्धा सासऱ्यानंच घातलेली. लेक सासरी गेलीच नाही, तरी तिचं माहेर मात्र गेलं.

शालूबाईंनी ते फारसं मनावर घेतलं नाही. विहिरीच्या काठावर सात आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवींचे, शेंदूर लावलेले दगड आहेत, तिथं सकाळी दिवा लावायचा, वडिलांचं नाव घ्यायचं आणि कामाला लागायचं. नाव माणसाचं काय, देवाचं मोठं, असं त्या म्हणायच्या. पण मळ्याचं नाव ही गोष्ट वेगळी होती. ते वडिलांचं होतं, आणि वडिलांमागं त्या नावाला वारस म्हणून त्या एकट्याच होत्या.

यंदा मुलगा विश्वजीत नव्या जातीच्या द्राक्षांसाठी एका परदेशी तज्ज्ञाला घेऊन आला. स्पेनचा माणूस, नाव हाविएर मेंडोझा. उन्हानं टोमॅटोसारखा लाल झालेला, पण पिठलं-भाकरी बोटं चाटून खाणारा. जेवताना नाथाजींनी पहिला प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांनाच विचारतात.

"विश्वा, इचार त्येला, भावकी किती?"

विश्वजीतनं विचारलं. मेंडोझा हसला आणि मग बराच वेळ बोलत राहिला. विश्वजीत घास बाजूला ठेवून सांगत होता. स्पेनच्या उत्तरेला मेंडोझा नावाचं एवढंसं खेडं आहे. तिथून उठून गेलेल्या लोकांनी गावाचंच नाव आडनाव म्हणून लावलं. त्यातले काही पुढं सरदार झाले, काही समुद्रापार जाऊन सुभेदार झाले. अर्जेंटिनात एक मोठं शहर आहे, त्याचं नावही मेंडोझा. तिथं मैलोन्‌मैल द्राक्षाच्या बागा.

नाथाजींचा हात ताटातच थांबला. "शहर? आडनावाचं? द्राक्षांचं?"

"व्हय. पण ज्याच्या नावाचं शहर, तो मेंडोझा म्हणे डोंगराच्या पल्याड बसलेला. शहर वसवलं दुसऱ्यानंच. आणि पाणी तर त्याच्याही आधीचं. तिथल्या मूळच्या लोकांनी पाट काढले होते. नाव मात्र सुभेदाराचं."

शालूबाई भाकरी वाढता वाढता थबकल्या. "मग त्या पाट काढणाऱ्यांचं नाव कुटं लावलं?"

विश्वजीतनं विचारलं. मेंडोझानं खांदे उडवले आणि पहिल्यांदाच जरा ओशाळल्यासारखा झाला.

"फिलिपाइन्समध्येपण मेंडोझा लय हायत," विश्वजीत पुढं म्हणाला. "तिथं स्पॅनिश साहेबानं लोकांना आडनावं वाटली."

"वाटली? रेशनच्या साखरेगत?" शालूबाईंनी विचारलं.

मग मेंडोझानं आणखी एक सांगितलं. तो नुसता मेंडोझा नाही, मेंडोझा सालिनास आहे. आधी बापाचं आडनाव, मागून आईचं. त्यांच्याकडं बाईचं नाव लग्नानं बदलत नाही. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं का दुसरं काही, ते कुणी पाहिलं नाही. नाथाजींनी तर हे ऐकलंच नाही. त्यांच्या कानात शहर शिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर कमान उभी करायचा बेत ठरला. नाव, घार्गेनगर. मळ्यात घरं होती सहा, त्यातलं एक बेदाण्याचं शेड. पण नगर म्हटलं की नगर.

"आवं, पण ह्यो मळा खराड्यांचा..." शालूबाईंनी तोंड उघडलं.

"तुझ्या बापाचं नाव खराब करतोय का मी? मोठं करतोय. मळा म्हटलं की शेण आटवतं. नगर म्हटलं की कशी लाईट लागल्यागत वाटतंय."

"मग खराडेनगर करा."

नाथाजी त्यावर असे हसले, जसं लहान पोरानं चंद्र मागितलाय.

फाट्यावर खराडे मळा असं कोरलेला जुना दगड होता. तो काढून गोठ्यात म्हशीच्या दावणीला टेकवला. कमान रंगवायला इलाही पेंटर आला. इलाही आणि शालूबाई एकाच वर्गात शिकलेले, त्यामुळे तो त्यांना अजून जुन्याच नावानं हाक मारायचा.

"तानूआक्का, इतकं ठळक लिवू का आणखी ठळक?"

"त्यांना इचार."

"त्यांनी सांगितलंय, येस्टीतनं दिसलं पायजे." इलाहीनं ब्रश बुडवला. "दिसंल की. उतरायला मात्र कंडक्टरला खराडे मळाच म्हणावं लागंल. मी काय करू, आक्का? मी अक्षरं रंगवतो. लोकांची तोंडं न्हाई रंगवत."

"रंगव बाबा," शालूबाई म्हणाल्या, आणि विहिरीवर जाऊन आसरांपुढं त्या दिवशी दुसऱ्यांदा दिवा लावला. देवाकडं तक्रार करायची त्यांना सवय नव्हती. वडिलांना म्हणाल्या, "आण्णा, दगड म्हशीजवळ हाय. ऊब तरी लागंल."

उद्घाटनाला नाथाजींनी कोरेगावची सगळी भावकी बोलावली होती. खरा डाव तोच होता. ज्या तीन थोरल्या भावांनी आयुष्यभर 'घरजावई' म्हणून टोमणे मारले, त्यांना फेटे बांधून आपल्या नावाखालून चालवत आणायचं. पत्रिकेवर पत्ताही नुसता 'घार्गेनगर, ता. तासगाव' असा छापला. खराडे मळ्याचा उल्लेख कंसातसुद्धा नाही. "कंसातलं नाव लोक आधी वाचत्यात," नाथाजी म्हणाले होते, आणि ते खरंही होतं.

दिवस उजाडला. कमानीवर पडदा, पडद्यावर झेंडूच्या माळा, मेंडोझाच्या डोक्यावर भगवा फेटा. नाथाजींच्या सदऱ्याला बारका माईक अडकवलेला, लाऊडस्पीकर चिंचेला बांधलेला. मटणाच्या पातेल्यातनं वाफ उठत होती. सगळं होतं. भावकी तेवढी नव्हती.

लोक उन्हात चुळबुळायला लागले, तेव्हा नाथाजींचा मोबाइल वाजला. थोरले बंधू, तात्या. ऐकायला कमी येत असल्यामुळे तात्या मोबाइलवर ओरडूनच बोलायचे, आणि नाथाजींच्या सदऱ्यावरचा माईक चालूच होता. सगळ्या शिवारानं ऐकलं.

"नाथा, आरं आमी कवाचं आलोय घार्गेनगरात! तू कुटं हायस?"

"आला? कुटं आला? मी कमानीखालीच हाय की!"

"आमीबी कमानीखालीच हाय! कमान झ्याक हाय गड्या, पण फेटं न्हाईत, मटान न्हाई, एक कुत्रं तेवढं हाय!"

विश्वजीतनं फोन हातात घेतला आणि चौकशी केली. भावकीच्या जीपच्या ड्रायव्हरनं मोबाइलच्या नकाशात घार्गेनगर शोधलं होतं, आणि नकाशानं त्यांना हमरस्त्यावरून सरळ मलकापूरला नेऊन सोडलं होतं. तिथं कुणा दुसऱ्याच घार्ग्यानं प्लॉट पाडून ठेवले होते. कमान तिथलीही नवीच होती.

मेंडोझाला विश्वजीतनं हे सांगितलं, तर तो मांड्यांवर थापा मारून हसला. त्यांच्याकडं असं नेहमी होतं म्हणे. एका मेंडोझाचं पत्र दुसऱ्या मेंडोझाला.

"नाथा, आता कसं यायचं?" तात्या ओरडत होते. "हितं तासगावचं घार्गेनगर कुनाला ठावं न्हाई! हसत्यात लोक!"

"आवं तात्या, तासगावला या नि कुनालाबी इचारा..."

"काय इचारू?"

नाथाजींनी इकडं तिकडं बघितलं. समोर सरपंच, सोसायटीचे चेअरमन, बेदाण्याचे व्यापारी, सगळ्यांची तोंडं वर. चिंचेवरचा लाऊडस्पीकर वाट बघत होता.

"इचारा... म्हंजे फाटा..."

"कसला फाटा? ऐकू येईना! मोठ्यानं!"

"खराडे मळा!" नाथाजी ओरडले. "खराडे मळा इचारा! शेंबडं पोरगंबी सांगंल! खराडे मळा!"

चिंचेवरून ते तीनदा गेलं, आणि वाऱ्यानं पलीकडच्या बागेतनं परत आणलं. व्यापाऱ्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. मेंडोझाला वाटलं, उद्घाटन झालं. त्यानं पुढं होऊन पडदा ओढला आणि नारळ फोडला.

शालूबाई मांडवाच्या कडेला उभ्या होत्या. त्या पुढं आल्या. आजवर चारचौघांत नवऱ्यापुढं कधी झाल्या नव्हत्या, त्यामुळे लोकांनी आपोआप वाट दिली.

"इलाही, रंग आणलायस न्हवं?"

"हाय की, आक्का. खोक्यात."

"चढ वर. आणि नावाखाली खराडे मळा लिव."

नाथाजी माईकवर हात ठेवून दबक्या आवाजात म्हणाले, "शालू, आगं मान्सं जमल्यात."

"म्हणूनच म्हणतीया. आता सांगितलंच हाय तुमी सगळ्यांस्नी, तर लिवाय काय हरकत हाय? पाव्हण्याचं बघा, दोन नावं लावतोय, त्याची काय उंची कमी झालीया?"

सरपंच म्हणाले, "वयनी बरोबर बोलत्यात." सरपंचांना भूक लागली होती.

नाथाजींनी कमानीकडं बघितलं, मटणाच्या वाफेकडं बघितलं. "लिव," ते इलाहीला म्हणाले. "पण कंसात लिव."

"कंसात न्हाई," शालूबाई म्हणाल्या.

इलाही शिडी चढला आणि त्यानं कंस टाकले नाहीत.

भावकी आली तेव्हा मटण गार झालं होतं. तात्या कमानीखाली उभं राहून बोटानं एकेक अक्षर वाचत होते. वरचं वाचलं, खालचं वाचलं, आणि म्हणाले, "नाथा, वरचं नाव कशाला घातलंस रं? त्येनंच घोटाळा झाला."

दगड अजून गोठ्यात आहे. शालूबाईंनी आता त्याला कमानीच्या पायथ्याशी न्यायचं ठरवलंय, आसरांचा दिवस बघून. परवा ठिबकच्या नळ्या घेऊन टेम्पोवाला वाट चुकला, तर बागेच्या पार टोकाला जाऊन, तोंडावर टॉवेल धरून, नाथाजींनी त्याला मोबाइलवर जुनाच पत्ता सांगितला.