तळाशी निजलेला माणूस

शहराच्या तरणतलावावर ती एकतीस वर्षं जीवरक्षक होती. उंच खुर्चीवरून उतरली की एक पाय दुमडून दुसऱ्यावर उभी राहायची, म्हणून सगळे तिला बगळीण म्हणत. तिलाही त्या नावाचं वाईट वाटलं नाही. "बगळा मासे बाहेर काढतो, मी माणसं," ती म्हणायची. "धंदा एकच, हेतू वेगळा."

तलाव छपराखाली होता. दुपारी वरच्या काचांतून ऊन आत उतरायचं, पाण्यावर पडायचं आणि तिथून उसळून छतावर नाचत बसायचं. क्लोरीनचा वास, ओल्या फरशीवर सपसप वाजणारी पावलं, आणि दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नातून आल्यासारखी माणसांची बोलणी. तासभर बसलं की तिला वाटायचं, पाणी वर आहे आणि छत खाली. डोळे मात्र आपलं काम सोडत नसत. कोण वर, कोण खाली, कोण कठड्याला धरून.

तिचे वडील शाळेत विज्ञान शिकवत. घरात देव नव्हता. आई गेली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "देवाची मर्जी." मास्तर शांतपणे म्हणाले, "नाही हो, तापाची." देवाच्या इच्छेशिवाय झाडाचं पान हलत नाही, असं कुणी म्हणालं की ते लेकीच्या कानाशी वाकत. "पान वाऱ्यानं हलतं. वारा उन्हानं हलतो. पानाला कुणी विचारत नाही."

"आणि माणसाला?"

"त्यालाही नाही. त्याला फक्त वाटतं, आपल्याला विचारलं होतं म्हणून."

मुलीला या बोलण्याची कधी भीती वाटली नाही. पाण्यावर उताणं पडून अंग सैल सोडावं, तसं वाटायचं. काही धरून ठेवायला नको, काही ढकलायला नको. पुढे लग्न जमलं नाही, तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "असतील त्याची काही कारणं."

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक सात वर्षांची मुलगी खोल बाजूला घसरली. बगळिणीला कळलं तेव्हा ती स्वतः पाण्यात होती आणि मुलगी तिच्या काखेत. नगरपालिकेनं प्रशस्तिपत्र दिलं. देणाऱ्या साहेबांनी विचारलं, "क्षणात एवढा मोठा निर्णय कसा घेतलात?"

"मी घेतलाच नाही. अंग पुढे गेलं, मी मागून पोचले."

लोक हसले. त्यांना वाटलं, विनय आहे. तिनं खरं तेच सांगितलं होतं.

ती चाळिशीत असताना एक बसचालक रोज दुपारी यायला लागला. दोन पाळ्यांमधला तेवढाच वेळ त्याचा होता. तो पोहायचा कमीच. छातीत श्वास भरून खोल बाजूला तळाशी जायचा आणि हात पसरून निजायचा. "दिवसभर डोकं उठतं, ताई," तो म्हणाला होता. "खाली कुणी थांबा मागत नाही." पहिल्यांदा तिनं त्याला ओढून वर काढलं, तेव्हा तो खोकला लागेपर्यंत हसला. दुसऱ्यांदा मात्र चिडला आणि व्यवस्थापकांकडे गेला. त्यांनी तिला बोलावलं. "अहो, माणूस घटकाभर विसावतोय आणि तुम्ही त्याला गळाला लावताय! जरा डोकं वापरत चला."

पुढच्या गुरुवारी तो तसाच तळाशी निजला, नेहमीपेक्षा जास्तच वेळ. वरून उन्हाच्या जाळ्यात त्याचा चेहरा हलत होता, हसल्यासारखा. तिच्या पोटऱ्या ताठल्या. मग व्यवस्थापकांचा आवाज आठवला आणि ती डोकं वापरत बसली. एक श्वास. दोन. तीन. चार. त्याच्या तोंडातून एक बारीक बुडबुडा निघाला, सावकाश वर आला आणि फुटला. त्याच्यामागे दुसरा आला नाही. तेव्हा ती उडी मारून खाली गेली.

माणूस वाचला. पण शब्द हरवून बसला. वाक्याच्या मध्येच थांबायचा, ओळखीचा थांबा दिसत नसल्यासारखा इकडेतिकडे बघायचा. पुन्हा बस चालवणं शक्यच नव्हतं. चौकशी झाली, त्यात तिची काही चूक निघाली नाही.

घरी मास्तर गच्चीत मटार सोलत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी एकेक शेंग फोडत एकेक कारण तिच्यापुढे ठेवलं. व्यवस्थापक साहेबांची बोलणी. ते ऊन. त्या माणसाची सवय. आधी दोनदा झालेली फजिती. "यातून दुसरं काही निघूच शकत नव्हतं, बाळा. चार श्वास लागणारच होते." लेकीच्या अंगावर पांघरूण घालावं तसं ते बोलत होते.

तिनं टोपलीतली एक शेंग उचलली. मग म्हणाली, "बाबा, या सगळ्यात मी कुठे आहे?"

"तू?"

"साहेब आले, ऊन आलं, तो आला. थांबलं कोण?"

मास्तरांचे हात थांबले. "तू म्हणजे काही वेगळी उरत नाहीस. हे सगळं मिळूनच तू."

"मग थांबले ती मीच."

"हो," ते नाइलाजानं म्हणाले.

"आणि उद्या थांबायचं नसेल तर?"

"त्यालाही कारण लागेल."

"ते कारण मी झाले तर चालेल ना?"

मास्तरांनी हातातली शेंग न सोलताच टोपलीत टाकली. "चालायला हरकत दिसत नाही," ते म्हणाले. "हा धडा मी वर्गात कधी घेतला नाही खरा."

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात गेली. चालकाची बायको बाहेर बाकावर बसली होती. "नशिबात होतं, ताई," ती म्हणाली. "वरच्यानं लिहिलेलं कोण पुसणार?"

मान डोलावून परतणं सोपं होतं. "नशीब नव्हतं," बगळीण म्हणाली. "मी चार श्वास थांबले. थांबायला नको होतं."

ती बाई ओरडेल, रडेल, काहीही होईल असं वाटलं. पण तिनं पदर नीट केला. "डॉक्टर म्हणतात, याच्याशी रोज बोलायला हवं. मी एकटी दमते. तुम्ही येत जा."

दीड वर्ष रोज संध्याकाळी बगळीण त्याच्या घरी गेली. तो शब्द शोधायचा, ती वाट बघायची. एकदा फारच वेळ लागला. घामाघूम होऊन तो म्हणाला, "राग... तुमचा राग... शोधला. सापडत नाही." आणि दोघंही हसत सुटली. पुढे त्याला आगारातच काम मिळालं, हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर. छत्र्या आणि डबे परत देताना फार बोलावं लागत नसे.

तलावावर तिनं व्यवस्थापकांना सांगून टाकलं, "माणूस दहा मोजेपर्यंत हलला नाही, की मी उतरणार. नको असेल तर तसं लेखी द्या." लेखी कोण देतो! मग रोज सकाळी, दार उघडण्यापूर्वी, ती तळाशी वजन टाकायची, दहा मोजायची आणि उडी घ्यायची. पुन्हा वर, पुन्हा दहा. पायांच्या आणि पाण्याच्या मध्ये एकही विचार उरू नये म्हणून ती मुद्दाम, विचार करून, महिनोन्‌महिने हे करत राहिली. पूर्वी अंग आपोआप जायचं. आता ते आपोआप जावं असं तिनंच त्याला घडवलं होतं.

निवृत्त होईपर्यंत तिनं आणखी एकोणीस जणांना बाहेर काढलं. त्यातले चौदा बुडत नव्हतेच. एका वकिलानं तर नाकातलं पाणी शिंकरत दम भरला, "कुणाच्या परवानगीनं मला ओढलंत?"

"कुणाच्याच नाही," ती म्हणाली. "मलाच वाटलं, म्हणून."

मास्तर शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळले. देव त्यांना अखेरपर्यंत लागला नाही. एका दुपारी डोळे मिटूनच म्हणाले, "सगळं आधीच्या कारणांनी ठरतं, हे मला अजून पटतं. आणि तू त्या बाईला म्हणालीस, थांबायला नको होतं, तेही पटतं. दोन्ही एका बाकावर बसतात का गं?"

"बसतात, बाबा. जरा दाटीवाटीनं बसतात."

ते हसले, आणि आपल्याला खिडकीकडच्या कुशीवर वळव म्हणाले. तिनं उशी सारखी केली आणि त्यांना वळवलं.